पाचवं माप

कच्ची आकृती

"टोक सोडू नकोस, गुरप्पा! सोडलंस तर परत पहिल्यापासून!"

गुरप्पाने टेपचं टोक कोपऱ्यातल्या दगडावर अंगठ्याने दाबून धरलं. दगड तापला होता. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा मे महिना, वेळ नऊची. सोलापुरात या महिन्यात नऊ वाजता सकाळ संपलेली असते.

"चाळीस!" बसलिंगप्पाकाका ओरडले. त्यांनी वहीत पाहिलं. "बरोबर!"

मग कडेची बाजू. "तीस! बरोबर!" मग मागची. "चव्वेचाळीस! बरोबर!" मग उरलेली. "बत्तीस! हेही बरोबर!"

चार वेळा बरोबर म्हणून झाल्यावर काकांनी टेप कातडी डबीत गुंडाळली. बसलिंगप्पाकाका गिरणीत कारकून होते आणि कामगार सोसायटीचे सेक्रेटरी होते. टेप नवी होती. ती कुणाच्या हातात द्यायला त्यांना आवडत नसे, पण दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. म्हणून दहा वर्षांचा पुतण्या गुरप्पा.

"मग आमचा आड भाईर कसा, अण्णा?" चांगुणाबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी आडाकडे पाहिलं. रस्त्याकडच्या दगडापासून मागच्या खुंटीपर्यंत सुतळी ताणलेली होती. सुतळीच्या अलीकडे सतरा नंबरचा प्लॉट, म्हणजे चांगुणाबाईंचा. पलीकडे अठरा नंबर, सोसायटीच्या गोदामाचा. आड पलीकडे होता. तीन फूट पलीकडे.

"खणताना चुकला असाल," काका म्हणाले.

"मी आन् माझ्या भावानं खणलाय त्यो! दुष्काळात! आटावीस फूट, निस्ता खडक! खुंटीच्या आत खणायचा म्हून तवा चारदा बघितलं हुतं की!"

"बाई, आठवण चुकते. वही चुकत नाही." काकांनी वही उघडून दाखवली.

प्लॉट नं. १७
अब : ४० फूट
बक : ३० फूट
कड : ४४ फूट
डअ : ३२ फूट

"चारही बाजू तुमच्यादेखत मोजल्या. सोमवारी पहिल्या भोंग्याला गवंडी येणार. या सुतळीवर गोदामाची भिंत उठणार. आड आत जाईल आणि फाटकाला कुलूप लागेल. माझा नाइलाज आहे."

तो शनिवार होता. वसाहतीतले बाकीचे सगळे आड कोरडे पडले होते. टँकर चार दिवसांतून एकदा येत होता.

बाजू अब

चांगुणाबाई दुपारपाळीला गिरणीत गेल्या. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत बाजेवर तिघे बसले: त्यांचा मुलगा जालिंदर, त्याच्या वर्गातली अक्कम्मा आणि तिचा धाकटा भाऊ गुरप्पा. जालिंदर आणि अक्कम्माने नुकतीच आठवीची परीक्षा दिली होती. गुरप्पाने चौथीची दिली होती आणि तो ती विसरलाही होता.

"आडच सरकला असंल," गुरप्पा म्हणाला.

"आड काय बैल आहे का सरकायला?" अक्कम्मा म्हणाली.

"मग भूत!"

"भूत तुझ्या डोक्यात. नीट सांग, खुंट्या कधी बदलल्या?"

ते जालिंदरला ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी पाण्याचा टँकर मागे घेताना ड्रायव्हरने प्लॉटच्या मागच्या दोन्ही खुंट्या मोडल्या. चाकांनी सगळी माती उलटीपालटी झाली. रस्त्याकडचे अ आणि ब हे कोपरे दगडांचे, म्हणून ते वाचले. मागच्या क आणि ड या खुंट्या काकांनी वहीत बघून पुन्हा ठोकल्या.

"काका खोटं वागणार नाहीत," अक्कम्मा म्हणाली.

"मी कुठं म्हणतोय? तुझे काका खोटं बोलत नाहीत. पण आईसुद्धा बोलत नाही."

"दोघं खरं बोलतात आणि आड खोटं बोलतो!" गुरप्पा म्हणाला.

 अक्कम्मा दारातून बाहेर बघत होती. ड ची नवी खुंटी नाल्याच्या अगदी काठावर होती. थोडा पाऊस पडला तरी माती ढासळून ती खाली गेली असती.

"जालिंदर, पहिल्यांदा मोजणी करणारा माणूस खुंटी अशी घसरगुंडीवर ठोकेल का रे?"

बाजू बक

जालिंदर बाजेच्या एका टोकाला सरकला. गुरप्पा दुसऱ्या टोकाला उड्या मारत होता. बाज जुनी होती, तिचे सांधे ढिले झाले होते. कर्र आवाज झाला, बाज एका बाजूला कलली आणि गुरप्पा जमिनीवर आला.

"मोडली! माझ्या आईची बाज मोडली!"

"मोडली न्हाय!" गुरप्पा खालून ओरडला. "नुसती तिरकी झालीय! बघा!"

खरंच होतं. चारही दांडे जागच्या जागी होते. एकही तुटला नव्हता, एकही लहानमोठा झाला नव्हता. पण मघाशी काटकोनात दिसणारी बाज आता पतंगासारखी दिसत होती. जालिंदरने कोपरा धरून ओढला, बाज सरळ झाली. उलटीकडे ओढला, दुसऱ्या अंगाला कलली.

"परत कर," अक्कम्मा म्हणाली.

त्याने केलं.

"अजून एकदा."

"काय खेळ आहे का?"

"जालिंदर! दांडे चार, मापं तीच! आणि आकार बघ किती! हा एक, हा दुसरा, हा तिसरा!"

जालिंदर बाजेचा कोपरा हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने कोपरा सोडला, पत्र्याच्या पेटीतून घडी केलेला एक कागद काढला. तो भूमितीचा पेपर होता. एका प्रश्नासमोर लाल शाईचं मोठं शून्य होतं.

"चार बाजू दिल्या होत्या," तो म्हणाला. "चौकोन काढा, म्हटलं होतं. मी काढला. चारही बाजू बरोबर! सरांच्या फळ्यावरच्या आकृतीशी जुळला नाही म्हणून शून्य!"

"माझा जुळला."

"तू शेजारच्या मुलीचा बघून काढलास."

"ते सोड," अक्कम्मा घाईने म्हणाली. "म्हणजे तुझा बरोबर, सरांचाही बरोबर. प्रश्नच अपुरा! पुस्तकात पाच मापं असतात. चार बाजू आणि एक कर्ण."

"कर्ण म्हंजे?" गुरप्पाने विचारलं.

जालिंदरने बाजेच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून गच्च बांधली. दुसऱ्या दोन कोपऱ्यांनाही तशीच बांधली.

"आता मार उडी."

गुरप्पाने मारली. बाज कलली नाही.

बाजू कड

"काका, वहीत कर्णाचं माप कुठं आहे?"

बसलिंगप्पाकाका जेवून लवंडले होते. "कसला कर्ण?"

अक्कम्माने कागद पुढे केला. त्यावर दोन चौकोन होते. दोन्हींच्या बाजू दहा, साडेसात, अकरा आणि आठ सेंटिमीटर. दोन्ही पट्टीने आणि कंपासने काढलेले. एक सरळ उभा, दुसरा उजवीकडे झुकलेला.

"चार फुटांना एक सेंटिमीटर धरलाय. दोन्ही सतरा नंबरच आहेत, काका. यातला खरा कुठला?"

काकांनी चष्मा लावला. उजवीकडे झुकलेल्या चौकोनात पेन्सिलीचा एक ठिपका होता, तो आड. सरळ चौकोनात तो ठिपका बाहेर पडला होता.

"हा सरळ. यात काय विचारायचं?"

"सरळ कशावरून?"

"अगं, ब पाशी मी काटकोन धरला. गुण्या लावला! सोसायटीचे बाकीचे सगळे प्लॉट चाळीस बाय तीस, काटकोनात. म्हणून वहीत चारच रकाने आखलेत. हा एकटाच वाकडा कशाला असेल?"

"नाल्यामुळं!" जालिंदर म्हणाला. "नाल्याच्या कडेचा म्हणूनच याच्या चार बाजू चार मापांच्या आहेत की! बाजू वाकड्या आणि कोन तेवढा सरळ?"

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. सोसायटीचा सेक्रेटरी आठवीतल्या मुलांपुढे हार मानू शकत नाही.

"हे बघा. कंपासपेटीने भिंती उठत नाहीत. पाचवं माप आहे म्हणता ना? आणा! ज्याने मोजणी केली त्याची करमाळ्याला बदली झाली. नकाशा कचेरीत, आणि कचेरी सोमवारी अकराला उघडते. गवंडी सातला येणार."

"गवंड्यांना थांबवा की, काका."

"विटा पडल्यात, चुना भिजलाय. सोमवारी सातच्या आत मला पाचवं माप दाखवा. नाहीतर भिंत उठेल. बस्स!"

बाजू डअ

रविवार. सकाळपासून तिघे दारोदार फिरले.

सोळा नंबरच्या गिरिजाबाईंना आड आत होता हे पक्कं आठवत होतं, पण माप नाही. दुकानदार कल्लप्पाला काहीच आठवत नव्हतं, त्याने गोळ्या मात्र दिल्या. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "मी खुंट्या मोडल्याच न्हाईत!" आणि तो आणखी काही विचारायच्या आत निघून गेला.

चार वाजले. तिघे अ च्या दगडापाशी सावलीत बसले.

"असा कोण माणूस असेल," अक्कम्मा म्हणाली, "जो मोकळ्या प्लॉटात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजत बसेल?"

"कुणी नाही," जालिंदर म्हणाला. "वेडा असला तरच."

"सुतवाले मामा," गुरप्पा गोळी चघळत म्हणाला.

"काय?"

"मी त्यांच्या सुताखालनं पळायचो. मागच्या वर्षी. त्यांनी माझा कान पिळला. सूत असं तिरकं होतं, ह्या दगडापास्नं तिकडं, थेट खुंटीपर्यंत."

अक्कम्मा ताडकन उठली.

"गुरप्पा! हे तू काल का नाही सांगितलंस?"

"तुमी काल इचारलंच न्हाय!"

कर्ण अक

सुतवाल्या नरसय्यामामांचं घर मागच्या गल्लीत होतं. आत खटाक्-खट माग चालू होता. चांगुणाबाईंच्या प्लॉटवर खोली नव्हती तेव्हा मामा तिथे रोज सकाळी ताणी ताणत. मागावर चढवण्याआधी सगळं उभं सूत उघड्यावर लांब ताणून त्याला खळ लावावी लागते. त्यासाठी लांब मोकळी जागा हवी.

"मामा, तुम्ही ताणी तिरकी का ताणायचात?" अक्कम्माने विचारलं.

माग थांबला. "सरळ ताणली तर काय होते, सांग?"

"कमी पडते!"

"हां! बाजूला चाळीस, चव्वेचाळीस फूट. मागे नाला, पुढे रस्ता. रस्त्यावर ताणली की बैलगाडी येते, सूत तुटते. कोपऱ्यातून कोपऱ्यात जागा सगळ्यात जास्त. विणकराला हे शिकवावं लागत नाय." मामांचं लक्ष गुरप्पाकडे गेलं. "हा! हा सुताखालून पळणारा!"

गुरप्पाने दोन्ही कान झाकले.

"ती किती लांब होती, मामा? फुटांत?" जालिंदरने विचारलं.

"फूट कोण मोजतो? दोरी होती."

"दोरी?"

"घरी ताणी त्याच मापाची करायची, नायतर तिकडे जाऊन कमीजास्त. म्हणून दगडापासून खुंटीपर्यंत दोरी एकदा मोजून घेतली. दोन टोकाला दोन फास. एक दगडाला, एक खुंटीला."

"ती दोरी आता कुठं आहे?"

मामांनी वर बोट दाखवलं. आढ्याखालच्या खुंटीला काथ्याच्या दोरीचं वेटोळं लटकत होतं. त्यावर वर्षभराची धूळ होती.

छप्पन्न फूट.

त्यांनी गल्लीत दोरी जमिनीवर ताणून ठेवली आणि शाळेच्या फूटपट्टीने मोजली. तीनदा मोजली. दोनदा छप्पन्न आली, एकदा पंचावन्न; त्या वेळी गुरप्पा मोजत होता.

मग जालिंदरने पेपरची ती घडी उलगडली आणि शून्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली.

आधी पट्टीने रेघ अक, चौदा सेंटिमीटर. म्हणजे छप्पन्न फूट. मग कंपासचं टोक अ वर ठेवून दहाचा कंस खाली. टोक क वर ठेवून साडेसातचा कंस. दोन्ही कंस जिथे कापले, तिथे ब. मग रेघेच्या दुसऱ्या अंगाला अ पासून आठचा आणि क पासून अकराचा. अकराला कंपास पुरेना, तो ताणून उघडावा लागला. तिथे ड. चार कोपरे जोडले.

चौकोन उजवीकडे झुकलेला होता. आडाचा ठिपका आत होता.

"जिंकलो!" गुरप्पा ओरडला.

"नाही," अक्कम्मा म्हणाली. "काका म्हणणार, दोरी ओढली की लांबते. जुनी दोरी काय पुरावा?"

जालिंदर पेन्सिल दाताखाली धरून बसला. मग म्हणाला, "टँकरने खुंट्या मोडल्या. उपटल्या नाहीत. मोडलेल्या खुंटीचं खालचं टोक कुठं जातं?"

पक्की आकृती

सोमवारी पहिला भोंगा झाला. मल्लप्पा गवंडी दोन गडी घेऊन हजर होता. काका टेप घेऊन हजर होते. चांगुणाबाई आडाच्या काठावर बसल्या होत्या. त्यांनी उठायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं.

"काका, जुन्या खुंट्या कसल्या होत्या?" अक्कम्माने विचारलं.

"बाभळीच्या. डांबर लावलेल्या. मी स्वतः उभं राहून दोन-दोन फूट आत ठोकून घेतल्या होत्या!"

"नक्की दोन फूट?"

"मग काय! हलायची बिशाद नव्हती!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" अक्कम्मा म्हणाली.

जालिंदरने दोरीचा एक फास अ च्या दगडात अडकवला. दुसऱ्या फासात खिळा घालून, खोलीच्या बाजूने दोरी ताणून त्याने जमिनीवर लांब कंस ओढला. अक्कम्माने काकांच्या हातातून टेप घेतली. काकांनी ती कशी सोडली, ते त्यांनाही कळलं नाही. तिने ब पासून तीस फुटांवर दुसरा कंस ओढला. दोन्ही कंस कापले तिथे गुरप्पाने चुन्याच्या फक्कीचा गोल काढला. काकांच्या खुंटीपासून ती जागा आठ फुटांवर होती.

"हितं खणा, मल्लप्पामामा."

मल्लप्पाने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. पहारीचे चार घाव बसले. पाचव्याला आवाज बदलला. मल्लप्पाने माती उकरली. आत डांबराने काळं झालेलं, वर फाटलेलं बाभळीचं खोड उभं होतं.

"अगं बाई!" चांगुणाबाई उभ्या राहिल्या.

काका वाकून बघत राहिले. "योगायोग," ते म्हणाले. पण हळू.

"मग दुसरी बघू! ड साठी दोरी नाही, नुसती तुमच्याच वहीतली मापं!" जालिंदर म्हणाला. अ पासून बत्तीस, आताच सापडलेल्या क पासून चव्वेचाळीस. पुन्हा दोन कंस.

"दोन ठिकाणी कापणार!" गुरप्पा ओरडला. "एक हितं, एक तिकडं रस्त्याच्या मधोमध!"

"रस्त्यात कोण राहतं का? इथलाच घे."

फक्कीचा गोल नाल्यापासून चांगला आत पडला. पहार लागली. या वेळी तिसऱ्याच घावाला लाकूड लागलं.

मल्लप्पाने पहार बाजूला टेकवली. मग मल्लप्पा म्हणाला, "आमी पाया आखताना कोनाकोनी दोरी धरतोच की. त्याबिगर घर गुण्यात बसत न्हाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?" काका कडाडले.

"तुमी इचारलंच न्हाय!"

गुरप्पाला फार आनंद झाला.

बसलिंगप्पाकाकांनी सुतळी सोडली. ती स्वतः नेऊन नव्या जागी बांधली. आड अडीच फूट आत आला. मग ते चांगुणाबाईंपुढे उभे राहिले. "बाई, आठवण बरोबर होती. वही चुकली."

"वही न्हाय चुकली, अण्णा. वहीत जागाच न्हवती." चांगुणाबाईंनी पोहरा आडात सोडला. पाणी आधी मुलांना मिळालं, मग गवंड्यांना, मग नरसय्यामामांना. ते दोरी परत न्यायला म्हणून आले होते. शेवटी काकांना. ते उभ्याउभ्या दोन तांबे प्यायले.

"पोरांनो," नरसय्यामामा म्हणाले, "विणकर व्हा. सूत तिरकं जाणार नाय तुमचं." त्यांनी गुरप्पाचा कान धरला, पण या वेळी पिळला नाही.

काकांनी वही जालिंदरपुढे ठेवली. "पाचवा रकाना आख."

जालिंदरने पट्टी लावून उभी रेघ ओढली. वर लिहिलं : कर्ण. सतरा नंबरसमोर लिहिलं : ५६ फूट. काकांनी आकृतीचा कागद मागून घेतला आणि खळ लावून त्याच पानावर चिकटवला. शून्याची बाजू खाली गेली. ती आता कुणालाच दिसणार नव्हती.

"काका," अक्कम्मा म्हणाली, "बाकीच्या प्लॉटांसमोरचा रकाना मोकळा आहे."

काकांनी वहीकडे पाहिलं. वर सोळा मोकळी घरं होती, खाली तेवीस.

"तुम्हाला सुट्टी आहे ना?"

"आहे की. महिनाभर!"

प्लॉट नंबर एक वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथल्या दगडालाही उन्हाचा चटका होता. बसलिंगप्पाकाका त्याच्यापाशी उकिडवे बसले होते आणि टेपचं टोक त्यांनी अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. समोरच्या कोपऱ्यातून, पन्नास फुटांवरून, गुरप्पाचा आवाज आला :

"टोक सोडू नका, काका! सोडलंत तर परत पहिल्यापासून!"